चाळणीवर उरलेले महाकाय

भंडारा जिल्ह्याच्या बंदोबस्ताच्या जुन्या दफ्तरात जमिनीची प्रतवारी लावताना कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी अशी जी नावे नोंदविली गेली, ती कोणा साहेबाने किंवा त्याच्या हाताखालच्या कारकुनाने बसून रचलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत धान लावणाऱ्या कुणब्यांच्या आणि तलाव खोदण्यात हयात घालविणाऱ्या कोहळ्यांच्या तोंडून ती आली होती, आणि सरकारला सारा ठरविण्यासाठी त्याहून अधिक नेमके वर्गीकरण सापडले नाही म्हणून ती जशीच्या तशी कागदावर चढली. काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी कन्हार आणि तिच्यापेक्षा हलकी मोरंड यांतील फरक येथील माणसाला पायाच्या तळव्याला कळतो. मात्र या प्रतवारीत मातीचा रंग, पोत, उतार आणि पाणी यांचाच विचार होता. त्याच मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधींच्या, आणि कस चांगला असेल तर अब्जांच्या संख्येने नांदणाऱ्या जीवाणूंचा, व त्या जीवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंचा दाखला कोणत्याही जमाबंदीत नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते.

पवनी तालुक्यातील कोंढा हे गाव शेजारच्या कोसऱ्याशी इतके जोडलेले आहे की परिसरातील माणसे दोन्ही नावे एका दमात, कोंढा-कोसरा अशीच घेतात. पावसाळ्याचे चार महिने येथील बांध्यांतून पाणी उभे असते, धान निसवून पिवळे पडू लागले की त्याच ओलीवर लाखोरी किंवा जवस फेकून दिले जाते, आणि वैशाखात तीच जमीन अशी भेगाळते की भेगेत हात जावा. वर्षाच्या आत जी माती दलदल, ओल आणि भाजकी वीट या तिन्ही अवस्थांतून जाते, तिच्यातील सूक्ष्मजीवसृष्टीलाही तितक्याच टोकाच्या ऋतूंना तोंड द्यावे लागते. या लेखाचा विषय त्या सृष्टीतील सर्वांत मोठे विषाणू हा आहे; परंतु त्यांच्याकडे जाण्याचा सोपा रस्ता प्रयोगशाळेतून न जाता वांग्याच्या एका सुकलेल्या झाडावरून जातो.

धुऱ्याच्या कडेला भाजीपाल्यासाठी राखलेल्या तुकड्यात सात-आठ झाडे एकाएकी माना टाकून उभी होती. पाने हिरवीच होती. पिवळी पडण्याइतकीही सवड त्यांना मिळाली नव्हती. शेताचे वृद्ध मालक शेजारी उकिडवे बसले होते.

“हे मर हाय जी,” ते म्हणाले. “औषध टाका का पाणी टाका, एकदा लागली का झाड जातेच.”

“बाबाजी, खोड कापून पाण्याच्या पेल्यात धरून पाहिलं होतं का?”

“मागं कृषी सहायकानं दाखवलं होतं. दुधावानी उतरते खाली.” आणि कोणी सांगण्याची वाट न पाहता त्यांनी विळ्याने एक खोड जमिनीलगत कापले, घरून काचेचा पेला मागविला, आणि कापलेले टोक पाण्यात जेमतेम बुडेल अशा बेताने धरले. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग त्या टोकाखालून धुरासारखी एक पांढुरकी रेघ निघाली, सरळ खाली तळापर्यंत गेली, आणि तिच्यामागून दुसरी. त्या रेघेत जे होते ते राल्स्टोनिया सोलानासिएरम या जीवाणूचे असंख्य देह होते, जे मुळांतून शिरून झाडाच्या जलवाहिन्या तुंबवितात, आणि मातीत भरपूर पाणी असताना झाडाला तहानेने मारतात. बुरशीमुळे येणारी मर वेगळी; तिच्यात ही दुधाळ रेघ दिसत नाही, आणि म्हणून एका पेल्याच्या खर्चात होणारी ही परीक्षा अनेक महागड्या तपासण्यांपेक्षा मला अधिक आदरणीय वाटते.

या जीवाणूलाही मारेकरी आहेत. जीवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंना जीवाणुभक्षी किंवा फाज म्हणतात. १९१५ साली ट्वॉर्ट यांनी इंग्लंडात आणि १९१७ साली देरेल यांनी पॅरिसमध्ये त्यांचे स्वतंत्रपणे वर्णन केले. त्याच्याही आधी, १८९६ साली, आग्र्याला सरकारी नोकरीत असलेल्या अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी आहे, ते चिनीमातीच्या गाळणीतून पार जाते आणि पाणी उकळले की नाहीसे होते, असे नमूद करून ठेविले होते. यातील गाळणीचा उल्लेख वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व कथा त्या गाळणीचीच आहे. पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत चेंबरलँड यांनी १८८४ साली तयार केलेल्या या गाळणीने जीवाणू अडत. १८९२ साली इव्हानोव्हस्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस तिच्यातून गाळला आणि गाळलेला रसही रोग पसरवितो असे दाखविले, १८९८ साली बायरिंक यांनी त्याचा अर्थ लाविला, आणि तेव्हापासून ‘जो गाळणीतून पार जातो तो विषाणू’ ही व्याख्या जणू सनद मिळाल्याप्रमाणे शास्त्रात कायम झाली. एखाद्या प्राण्याची व्याख्या त्याच्या स्वभावावरून न करता त्याला पकडण्याच्या जाळ्याच्या भोकांवरून केली, म्हणजे भोकापेक्षा मोठा असलेला प्राणी अस्तित्वातच नाही असा हुकूम आपोआप निघतो. शंभर वर्षे तो हुकूम अंमलात होता, आणि तो कोणी जाणूनबुजून काढलेला नसल्यामुळे त्याविरुद्ध अपील करण्याचेही कोणाला सुचले नाही.

पहिला धक्का बसला तो इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथे. १९९२ साली तेथील एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यातील अमीबांत एक कण सापडला. ग्रामच्या रंगाने तो रंगत होता, सामान्य सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता, सबब त्याची गणना जीवाणूंत होऊन तो कपाटात पडून राहिला. २००३ साली फ्रान्समधील संशोधकांनी तो विषाणू असल्याचे जाहीर केले आणि मिमीव्हायरस हे नाव रूढ झाले. मराठी वाचकाला याचे अगत्य अधिक वाटावे असे कारण आहे: पवई येथील आयआयटी मुंबईत किरण कोंडाबागील आणि त्यांचे सहकारी यांनी याच कुळातील विषाणू मुंबईच्या पाण्यातून हस्तगत केले. शहराच्या सांडपाण्यातील ‘मिमीव्हायरस बॉम्बे’चा जनुकसंच २०१६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याची लांबी पावणेबारा लाख अक्षरांहून अधिक भरली; पुढच्या वर्षी कुर्ल्याच्या नावाचा ‘कुर्लाव्हायरस’ आला, आणि २०१९ साली त्यांनी असे दाखविले की या महाकायांच्या खुणा मुंबईच्या सांडपाण्यात, तलावात आणि महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातही सर्वत्र आहेत. वांद्रे आणि पवई ही नावेही या विषाणूंच्या नामावळीत जाऊन बसली आहेत. माणसाला त्यांच्यापासून भय असल्याचा पुरावा यात नाही, हे घाबरट वाचकासाठी येथेच सांगून टाकतो.

मुंबईचे हे महाकाय मात्र अमीबांचे शत्रू आहेत. अमीबा हा आपल्यासारखाच केंद्रकयुक्त पेशीचा जीव. तो जीवाणूच्या मानाने अवाढव्य असतो आणि समोर येईल तो कण गिळत सुटतो, त्यामुळे विषाणू मोठा असणे त्याच्या दारी गैरसोयीचे नसून फायद्याचेच ठरते. जीवाणूची गोष्ट निराळी. तो स्वतःच एक-दोन सहस्रांश मिलिमीटरचा, त्याच्या भिंतीला बाहेरून छिद्र पाडून आत केवळ जनुकद्रव्य सोडायचे, आणि एवढ्याशा देहात आपल्यासारख्या अनेक प्रती तयार करून घ्यायच्या. अशा यजमानाकडे जाणारा पाहुणा आटोपशीर असावा हे तर्काला धरून आहे. बहुतेक फाज तसे आहेतही. त्यांचे जनुकसंच पन्नास हजार अक्षरांच्या आसपास आटोपतात. तरीही त्यांच्यात दोन लाखांची मर्यादा ओलांडणारे काही आहेत, त्यांना ‘जम्बो फाज’ म्हणण्याची रीत पडली आहे, आणि मातीतील जीवाणूंवर जगणाऱ्या जम्बोंची परस्परांशी तुलना करू लागले की जीव म्हणजे काय येथपासून अनेक पक्क्या वाटणाऱ्या गोष्टी हलू लागतात.

त्यांतील सर्वांत वडील म्हणजे ‘जी’. १९६८ साली रोममध्ये डोनेली यांनी त्याचे वर्णन केले, आणि आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्याला अपवादात्मक आकाराचा म्हटले. त्याचा जनुकसंच सुमारे चार लाख सत्त्याण्णव हजार अक्षरांचा आहे आणि त्यात साडेसहाशेहून अधिक प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या आहेत. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नावाचा एक स्वतंत्रपणे वाढणारा जीवाणू याहून कमी जनुकांवर आपला संसार चालवितो. म्हणजे ज्याला आपण निर्जीव-सजीवाच्या सीमेवर उभा करतो त्याची शिदोरी, जो निःसंशय सजीव आहे त्याच्यापेक्षा मोठी. ‘जी’चे भक्ष्य म्हणून मूळ वर्णनात नोंदलेला बॅसिलस मेगाटेरियम (२०२० साली मात्र त्याचा प्रयोगशाळेतील यजमान लायसिनिबॅसिलस असल्याचे आढळले) कोंढ्याच्या शेतकऱ्यालाही अपरिचित नाही, फक्त त्या नावाने तो त्याला ओळखत नाही. स्फुरद विरघळविणाऱ्या जीवाणूंचे, म्हणजे पीएसबीचे, जे संवर्धक बीजप्रक्रियेसाठी पाकिटातून मिळते, त्यात वापरल्या जाणाऱ्या जीवाणूंपैकी हा एक आहे. मातीत अडकून पडलेला स्फुरद तो पिकाच्या मुळांना मोकळा करून देतो. तेव्हा मूळ नोंद खरी धरली तर ‘जी’ हा शेतकऱ्याच्या मित्राचा शत्रू झाला, आणि फाज म्हटला की तो उपकारकच असणार, हा जो भाबडा समज हल्ली वाढीस लागला आहे, त्याला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

इतका मोठा विषाणू १९६८ साली सापडला असताना त्याचे भाऊबंद पुढे कित्येक वर्षे विरळा का राहिले, याचा खुलासा टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील फिलिप सर्वर यांनी केला, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत शहाणपणाचे काम तेच आहे. फाज शोधण्याची नित्याची रीत अशी: मातीचा अर्क गाळणीतून काढायचा, म्हणजे जीवाणू मागे राहतात, गाळलेले पाणी आपल्याला हव्या त्या जीवाणूत मिसळून थाळीत अगारच्या जेलीच्या पातळ थरात ओतायचे, एका रात्रीत जीवाणूंची गढूळ साय धरते, आणि जेथे फाज असेल तेथे सायीत स्वच्छ ठिपका पडतो, कारण फाज एका जीवाणूला फोडून शेजारच्याकडे, तेथून पुढच्याकडे असा पसरत जातो. या रितीत महाकायांचे दोनदा मरण होते. एकदा ते जीवाणूंबरोबर गाळणीवरच राहतात आणि फेकले जातात. चुकून पार गेलेच तर अगारच्या दाट जाळीत त्यांना हलता येत नाही, आणि ठिपका इतका सूक्ष्म पडतो की डोळ्याला दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मातीत जेवढे फाज मोजता येतात त्यांच्या मानाने थाळीवर फारच थोडे का उगवतात, हे जुने कोडे होते. सर्वर यांनी जाळी विरळ केली. अगारोजचे प्रमाण त्यांनी इतके उतरविले की तो थर जेमतेम थर म्हणावा असा राहिला, आणि त्यात असे फाज उगवू लागले जे नेहमीच्या थाळीवर कधीच दिसले नसते.

त्यांपैकी एकाचे नाव ‘०३०५ फाय ८-३६’ असे रुक्ष आहे. त्यातील पहिले चार आकडे म्हणजे तो वेगळा केला तो महिना आणि ते वर्ष, मार्च २००५. त्याचे भक्ष्य बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे ज्या बीटीचे जनुक २००२ पासून विदर्भाच्या कपाशीत आले तो मातीतला जीवाणू. त्याचे शेपूट ४८६ नॅनोमीटर लांब आहे आणि शेपटीचे तंतू बुचाच्या स्क्रूसारखे पिळदार आहेत. नेहमीच्या जेलमध्ये तो वाढत नाही, द्रवात वाढविला तर द्रव निवळत नाही, आणि त्याचे कण एकमेकांना चिकटून गोळे होत असल्यामुळे गाळणी काय किंवा अपकेंद्री यंत्र काय, दोन्ही उपाय त्याला जीवाणूंबरोबरच बाहेर टाकतात. शंभर वर्षांच्या रूढ शिस्तीतील प्रत्येक पायरी जणू याला वगळण्यासाठीच घातली होती.

सर्वर यांच्याच हाती लागलेला दुसरा फाज ‘२०१ फाय २-१’. स्यूडोमोनास क्लोरोरॅफिस या मृदाजीवाणूचा तो परजीवी, आणि त्याच्या जनुकसंचाची लांबी तीन लाख सोळा हजारांच्या वर. याने जे दाखविले त्यापुढे आकाराचे आश्चर्य फिके पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील जो पोग्लियानो आणि सॅन फ्रान्सिस्को शाखेतील डेव्हिड अगार्ड यांच्या चमूंनी जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केले की हा विषाणू जीवाणूच्या आत शिरल्यावर आपल्या जनुकद्रव्याभोवती प्रथिनांचे एक आवरण उभे करतो. केंद्रक ही आपल्या, झाडांच्या, बुरशीच्या पेशींची मिरासदारी. जीवाणूंना केंद्रक नसते, हे शाळेपासून पाठ केलेले. आणि येथे केंद्रकहीन जीवाणूच्या पोटात एक विषाणू केंद्रकासारखे काही बांधून बसला होता. त्याची व्यवस्था जुन्या मालगुजाराच्या वाड्यातील दफ्तरखान्यासारखी असते: अस्सल कागद कधी बाहेर जात नाहीत, आतच त्यांच्या नकला उतरविल्या जातात, नकला तेवढ्या उंबरठ्याबाहेर येतात आणि त्यांबरहुकूम काम बाहेरच्या चौकात होते. जनुकांची प्रत काढणे आणि तिचा आरएनए मसुदा उतरविणे हे आवरणाच्या आत चालते. प्रथिने बनविण्याचे काम जीवाणूच्या रायबोसोमांवर बाहेर.

शिवाय हा दफ्तरखाना वाटेल तेथे पडलेला नसतो. फुझ नावाच्या प्रथिनाचे तंतू त्याला दोन्ही टोकांकडून ढकलीत बरोबर मध्यावर आणून ठेवतात. हे प्रथिन आपल्या पेशींतील ट्युब्युलिनचे दूरचे नातलग आहे. नव्या विषाणूंची रिकामी शिरे पेशीच्या आवरणापाशी घडतात, त्याच तंतूंच्या वाटेने मध्यावर आणली जातात, दफ्तरखान्याच्या भिंतीला लागतात, आणि आतील जनुकद्रव्य त्यांत भरले जाते. ज्या प्रथिनाची ही भिंत बनते त्याला पुढे चिमॅलिन असे नाव मिळाले.

भिंत कशासाठी, याचे उत्तर अशीच भिंत बांधणाऱ्या इतर फाजांवरून २०२० मध्ये आले. जीवाणूंपाशी विषाणूचे डीएनए ओळखून कापणारी शस्त्रे असतात. क्रिस्पर हे त्यांतील सध्या सर्वांच्या तोंडी असलेले. ही शस्त्रे भिंतीच्या आत जाऊ शकत नाहीत, आणि महाकाय निर्धास्त वाढतो. मात्र क्रिस्परचा एक प्रकार डीएनएऐवजी आरएनए कापतो, आणि नकला तर उंबरठ्याबाहेर येतातच. त्या प्रकारापुढे भिंत बांधणाऱ्या या फाजांचे काही चालत नाही.

आता तुलनेचा मुद्दा. एवढे मोठे म्हणून हे सगळे एका वंशाचे असावेत, अशी आपली पहिली कल्पना होते, आणि ती खरी नाही. ‘जी’, ‘०३०५ फाय ८-३६’ आणि ‘२०१ फाय २-१’ यांचे जनुकसंच शेजारी मांडले तर त्यांच्यात समान असे फारच थोडे निघते. ओरेगॉनमध्ये सापडलेला, झाडांच्या खोडावर गाठी आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियमचा चार लाख नव्वद हजार अक्षरांचा फाज आकाराने ‘जी’च्या खांद्याला खांदा लावतो, आणि तोही सोयऱ्यांतला नाही. मोठेपण या कुळांत अनेकदा, स्वतंत्रपणे आले. ते कसे आले असावे याविषयी पिट्सबर्गचे रॉजर हेंड्रिक्स आणि त्यांच्यामागून इतर संशोधकांनी मांडलेली उपपत्ती मला पटते. या सर्वांच्या शिरांचे कवच एकाच घडीच्या प्रथिनाचे असते, लहान फाजांचे असते त्याच. फरक इतकाच की ‘जी’च्या कवचात त्या प्रथिनाचे नग पुष्कळ अधिक बसतात. एखाद्या उत्परिवर्तनाने कवच जरा सैल झाले की आत रिकामी जागा राहते, आणि शिर भरेपर्यंत डीएनए कोंबीत राहण्याची या विषाणूंची रीत असल्यामुळे तेथे नवी जनुके येऊन बसतात. काही पिढ्यांत ती उपयोगी ठरली की पुन्हा लहान होणे परवडत नाही. चक्र एकाच दिशेने फिरते.

आत आलेली जनुके कोणती, हे पाहिले की प्रत्येकाचा स्वभाव निराळा दिसतो. जपानमध्ये संत्र्यांच्या बागेच्या मातीतून निघालेला ‘झॅकएन-१’ हा झँथोमोनास सिट्राय या जीवाणूचा शत्रू, म्हणजे आपल्याकडे लिंबावर ज्याला खैऱ्या म्हणतात त्या रोगाच्या जंतूचा. त्याच्या तीन लाख चौऱ्यांशी हजार अक्षरांत टीआरएनएची ५६ जनुके आहेत. टीआरएनए हा प्रथिने बनविण्याचा सरंजाम. तो यजमानाच्या घरचा वापरावा, ही विषाणूंची साधारण रीत. याने स्वतःचा बराचसा सरंजाम बरोबर आणला आहे, आणि त्याच्या हाताला पुष्कळ प्रकारचे यजमान लागतात, या दोन गोष्टींचा संबंध असावा असे त्याच्या संशोधकांना वाटते. झँथोमोनासचीच दुसरी जात धानावर कडाकरपा आणते. हा रोग भारतात प्रथम दिसला तो १९५१ साली, तत्कालीन मुंबई राज्यात. श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल यांनी १९५९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पानाच्या कडेने वरून खाली उतरत जाणारा तो पिवळसर पट्टा येथील धानकऱ्याला ओळखून दाखवावा लागत नाही.

वांग्याच्या मरीचा महाकाय शत्रू आहे ‘आरएसएल-१’, हिरोशिमा विद्यापीठातील यामादा यांच्या गटाने अभ्यासलेला, दोन लाख एकतीस हजार अक्षरांचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात टोमॅटोच्या रोपांना आधी हा फाज दिला आणि मग राल्स्टोनियाची लागण केली. फाज न दिलेली सगळी रोपे अठरा दिवसांत सुकली, दिलेली उभी राहिली. रोगाचा जीवाणू मुळासकट नाहीसा झाला असे मात्र घडले नाही. फाज आणि जीवाणू एकमेकांना धरून राहिले आणि रोग डोके वर काढू शकला नाही. लहान फाज झपाट्याने मारतात, आणि तितक्याच झपाट्याने त्यांना न जुमानणारे जीवाणू माजतात. या महाकायाचा सबुरीचा कारभार अधिक टिकाऊ ठरला. ३७ ते ५० अंश उष्णतेतही तो मातीत शाबूत राहिला आणि चार महिन्यांनंतर मुळांवर व मातीत जिवंत मिळाला. वैशाखातील पवनी तालुक्याची ज्याला कल्पना आहे, त्याला या आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको. कुंडीतील रोप आणि एकरभर शेत यांत अंतर फार आहे, हेही तितकेच खरे.

हल्ली थाळीवर काहीच न उगवता मातीतील किंवा पाण्यातील एकूण सगळ्या जनुकद्रव्याचे वाचन करून महाकाय शोधण्याची पद्धत जोरात आहे. २०२० साली या मार्गाने सात लाख पस्तीस हजार अक्षरांचा फाज कागदावर आला. त्याआधी, २०१९ मध्ये, बांगलादेशातील लाकसाम येथील माणसांच्या आतड्यातून पाच लाख चाळीस हजारांच्या वरचे फाज मिळाले होते आणि त्यांना त्या गावावरून ‘लाक’ म्हणतात. येथेही नमुना आधी बारीक गाळणीतून काढला तर महाकाय हातचे जातात. आणि वाचनाने यादी मिळते. भिंत बांधणारा, सरंजाम आणणारा, सबुरीने मारणारा असा स्वभाव मिळत नाही. त्यासाठी जिवंत विषाणू थाळीवर लागतो.

कोंढ्यासारख्या ठिकाणी तो शोधायचा तर सामग्री फारशी लागत नाही. शिस्त मात्र उलटी लागते. मृगाचा पाऊस पडून मातीला वास सुटला की परे टाकण्याआधी, आणि पुन्हा रोवणीनंतर बांधीत पाणी उभे असताना, कन्हार आणि मोरंड या दोन्हींचे नमुने वेगळे घ्यावेत. मर लागलेल्या झाडाच्या मुळाशी असलेली माती तर अवश्य घ्यावी, कारण जेथे भक्ष्य दाट तेथे भक्षक असण्याचा संभव अधिक. भक्ष्य म्हणून राल्स्टोनिया, धानाचा झँथोमोनास आणि पीएसबीतील मेगाटेरियम असे तिघे ठेवावेत, म्हणजे शेतकऱ्याच्या शत्रूचे शत्रू आणि मित्राचे शत्रू दोन्ही उमगतील. अर्क गाळू नये. जड गाळ आपोआप खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी घ्यावे. थर ०.१५ टक्क्याच्या आसपासच्या अगारोजचा असावा. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाताला पहिल्या वर्षापासून थाळी उलटी करून ठेवण्याची सवय लागलेली असते, झाकणावर साचलेले पाणी पृष्ठभागावर पडू नये म्हणून. या थाळ्या उलट्या करता येत नाहीत, तिरप्याही धरता येत नाहीत. थर पेजेसारखा घसरून झाकणात येतो आणि रात्रभर वाढलेले ठिपके त्याबरोबर पुसले जातात. त्या सपाट फळीवर सुलट्या ठेवाव्या लागतात, आणि ठिपके मोजायचे ते फळीपाशी वाकून.